तारीख ठरलेलं बाळंतपण : छकुलीच्या आईची केस

आमच्या गटप्रवर्तक ताईंनी (आम्हा आशांच्या कामावर देखरेख करतात त्या) मीटिंगमध्ये सांगितलं होतं की प्रत्येक आशानं आपल्या गावातली एक केस लिहून आणायची, आणि ती "लाभार्थीस सेवा देण्यात आली, माता व बाळ सुखरूप" अशी दोन ओळींची नको, जे झालं ते सगळं लिहा म्हणे. मी हीच घेतली. बाईचं नाव लिहीत नाही, गावात तिला छकुलीची आईच म्हणतात, तेच इथं चालवते. तिला विचारूनच लिहिलं आहे, उलट तिनंच दोन गोष्टी "हेही लिहा ना ताई" म्हणून सांगितल्या.

गाव वर्धा नदीच्या पट्ट्यात, दोन जिल्ह्यांच्या सीमेवर. तालुका २६ किलोमीटर, मोठा सरकारी दवाखाना ५८. एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एकदाही नाही. घर कोरडवाहू शेतीचं, पाच एकर, कापूस आणि सोयाबीन. घरात सासू, सासरे, नवरा, ती आणि छकुली.

आधी पहिल्या बाळंतपणाचं सांगावं लागेल नाहीतर दुसऱ्याचं काही कळणार नाही. छकुलीच्या वेळेस कळा सुरू झाल्या त्या संध्याकाळी, रात्रभर घरीच, "पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच" असं सगळेच म्हणत होते आणि खरं सांगते, मी पण तेच म्हणाले. सकाळी तालुक्याला नेलं, दुपारपर्यंत तिथं, मग बाळाचे ठोके कमी होऊन राहिले म्हणून पुढं पाठवलं, पुढच्या ठिकाणी भुलेचे डॉक्टर नव्हते, मग रात्री एका खाजगी दवाखान्यात सिझर झालं. तिला कोणीच काही सांगितलं नाही. सही नवऱ्यानं केली, कशावर केली ते त्यालाही माहीत नव्हतं. पूर्ण भूल दिली होती, त्यामुळं पोरगी झाली हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि पोरगी चार दिवस काचेच्या पेटीत. वर टाके पिकले, एका बाजूनं उघडले, रोज ड्रेसिंग. महिन्याभरानंतर पण ती वाकून चालायची. बिल आणि गाडीभाडं मिळून ४० हजारांवर गेलं, त्यातलं निम्मं व्याजानं काढलेलं, ते फेडायला दोन हंगाम लागले.

माझी चूक यात आहे. मी सगळ्यांना सांगते की बाळंतपणाची तयारी आठव्या महिन्यात करून ठेवा, गाडी कोणती, रक्त कोण देणार, पण तिच्या घरी मी फक्त कार्ड भरलं होतं, तो विषय काढलाच नव्हता. सासू अनुभवी बाई आहे, पाहून घेईल असं वाटलं मला.

म्हणून दुसऱ्या खेपेला तिसरा महिना लागताच ती स्वतः माझ्या घरी आली तेव्हा मला आधी भीतीच वाटली. ओट्यावर बसली आणि पहिलं वाक्य हे म्हणाली, "ताई, मले पुन्हा तसं नाही पाह्यजे. मरण आलं तरी चालंन पण तसं नाही." मी म्हटलं तसं म्हणजे कसं? तिला वाटायचं की सिझर म्हणजेच ते सगळं, रात्र, गाडी बदलणं, कोणी न सांगणं, पिकलेले टाके. या सगळ्या गोष्टी तिच्या डोक्यात एका गाठोड्यात बांधलेल्या होत्या. तेव्हा मलाही ते नीट सुटं करून सांगता आलं नाही. ते नंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी करून दिलं.

नोंदणी झाली, रक्त तपासलं. रक्तगट, शुगर, सिकलसेल (हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्या विदर्भात ही तपासणी चुकवूच नये, तिची निगेटिव्ह आली). सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.६. लोहाच्या गोळ्या घेतच नव्हती, पोट दुखते म्हणून डब्यात लपवून ठेवायची, हे मला तिच्या सासूनं सांगितलं. मग ९ तारखेच्या तपासणीला नेलं, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर बघतात ते आता बऱ्याच जणींना माहीत आहे. तिथं मॅडमनी शिरेतून लोहाची इंजेक्शनं सुरू केली, एक दिवसाआड. प्रत्येक वेळी जाणं-येणं म्हणजे मजुरी बुडते, नवरा कुरकुरला, पण पाचही घेतली. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.८ होतं. टाके चांगले भरायचे असतील तर ऑपरेशनच्या आधी अंगात रक्त पाहिजे, नंतर लाडू खाऊन ते लवकर भरून निघत नाही, हे मी आता सगळ्यांना सांगते.

मॅडमनी आधी सरळ सांगितलं होतं की पहिलं सिझर आहे म्हणून दुसरं सिझरच असं काही नाही, मध्ये जवळपास तीन वर्षांचं अंतर आहे, बाळाचं डोकं खाली असेल आणि सगळं ठीक असेल तर मोठ्या दवाखान्यात नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. पण पोळा झाला त्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, ३६ आठवडे, आणि बाळ उलटं. डोकं वर, ढुंगण खाली. सातव्या महिन्यात बरीच बाळं अशी उलटी असतात आणि बहुतेक आपोआप फिरतात, दिवस भरताना शंभरात तीन-चारच उलटी राहतात. हे त्या तीन-चारातलं.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. सासू दारातच, "पायाळू हाय म्हणते व?" आपल्याकडं पायाळूचं किती असतं ते सांगायला नको. पायाळू माणसावर वीज पडते, पायाळूला जमिनीतलं पाणी दिसते, धन दिसते, पायाळूनं लाथ मारली की भरलेली उसण उतरते. सासूला विजेचं लागलं, कारण आमच्या शिवारात दरवर्षी कोणाचं तरी बैल, कोणाचं माणूस विजेनं जातेच. आणि त्याच संध्याकाळी वरच्या आळीतली जुनी सुईण आली, तेल घेऊन, "मी चोळून फिरवून देतो, कितीक फिरवले." मी हात जोडले. त्या बाईनं गावातली अर्धी लेकरं काढली आहेत, मला तिचा मान आहे, पण जुन्या टाक्यांच्या पिशवीवर असं जोर लावून चोळलं तर टाका आतून फाटू शकतो. दवाखान्यात बाहेरून हातानं बाळ फिरवायची पद्धत असते, सोनोग्राफी लावून, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर शेजारी तयार ठेवून, आणि ती पण आधीचं सिझर असलेल्या बाईला आमच्या इथले डॉक्टर करत नाहीत.

मोठ्या दवाखान्यात मॅडमनी (या दुसऱ्या, तिथल्या) तिला आणि नवऱ्याला समोर बसवून वीस मिनिटं दिली. मी मोजली, कारण ओपीडीत बाहेर रांग होती आणि मला लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, २००० साली २६ देशांत मिळून दोन हजारांवर बायांचा अभ्यास झाला होता, दिवस भरलेलं बाळ उलटं असेल तर ठरवून केलेल्या सिझरमध्ये बाळाला धोका कमी निघाला, आणि तुमचा तर आधीचा टाका पण आहे, म्हणून आपण तारीख ठरवून करू. मग छकुलीच्या आईनं विचारलं, "मागच्यासारखंच होईन का?" तेव्हा मॅडमनी एकेक गोष्ट सुटी केली. रात्री नाही, सकाळी. पूर्ण भूल नाही, पाठीत इंजेक्शन, तुम्ही जाग्या राहणार, बाळाचं रडणं ऐकणार. मागच्या वेळेस रात्रंदिवस कळा देऊन शरीर थकलं होतं, रक्त कमी होतं, म्हणून टाके पिकायला वाव मिळाला. या वेळी तसं नाही. ऑपरेशन तेच असेल म्हणे, तुम्ही तिथं येणार कशा ते वेगळं असेल.

ती घरी येताना काहीच बोलली नाही, पण अर्ध्या रस्त्यात रसवंतीवर थांबून रस प्यायली. गरोदरपणात पहिल्यांदा तिनं स्वतःहून काही मागितलेलं मी पाहिलं.

इथं एक सांगते, नाहीतर वाचणारी म्हणेल आशाताई सिझरची जाहिरात करून राहिली. नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातली साडेएकवीस बाळंतपणं सिझरनं झालेली आहेत, आपल्या महाराष्ट्रात पंचवीसवर, आणि देशातल्या खाजगी दवाखान्यांत सत्तेचाळीसवर, सरकारीत मात्र चौदा. हा फरक काही बायांच्या शरीरातला नाही. कळा नको म्हणून, किंवा मुहूर्त पाहिजे म्हणून सिझर करणारे आहेत. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार जुन्या टाक्याला चिकटायची भीती वाढत जाते. पण ज्या बाईला गरज आहे तिला "कापलं म्हणजे बाळंतपण नाहीच झालं" असं ऐकवणं पण मला पटत नाही, आणि आपल्याकडं ते फार ऐकवतात.

आता तारीख. ३९ आठवड्यांच्या आधी नको, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि फार उशीर पण नको, कळा सुरू झाल्या की पुन्हा तीच पळापळ. मॅडमची ठरवून करायच्या ऑपरेशनची पाळी मंगळवारी. कॅलेंडर पाहिलं तर तो मंगळवार ऐन पितृपक्षात. सासू म्हणाली, अजिबात नाही, घट बसल्यावर करा. घट बसेपर्यंत ४० आठवडे उलटत होते. नवरा गप्प. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. वर महालक्ष्म्या दोन दिवसांवर, सोळा भाज्या, आंबील, सगळं सासूच्याच अंगावर, तिची चिडचिड वेगळी. मी गेले तर मला चहा पण अर्धा कप.

सासऱ्यांनी सोडवलं ते. म्हातारा एरवी घरच्या गोष्टीत पडत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या पंगतीत, पाहुण्यांसमोर, म्हणाले, "पितृपक्षात आपले मोठे घरी येतात ना? मंग येऊ द्या. त्यातलंच कोणी लेकराच्या रूपानं येऊन राह्यलं समजा. त्याले काय मुहूर्त पुसता?" सासू काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः जुन्या सुती लुगड्यांचे दुपटे फाडायला घेतले.

मग तयारी. या वेळी मी काही सोडलं नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर छकुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं, मी फक्त विचारत गेले. दवाखान्यात सोबत कोण, तर तिची आई, माहेरून आदल्या रविवारी येणार. रक्त कोण देणार, तर दीर आणि गणपती मंडळातला एक पोरगा, दोघांचे फोन नंबर. गाडी १०२ ची, आणि ती नाही आली तर शेजारच्यांची, त्यांना आधीच सांगून ठेवलं. मातृ बाल संरक्षण कार्ड, आधार, रेशनकार्ड, पासबुक, सोनोग्राफीचे कागद, एका पिशवीत, पिशवी खुंटीला. समोरून उघडणारे दोन गाऊन, लांब वायरचं चार्जर (हे तिनं लिहिलं, मला सुचलं नसतं), चपला घसरणाऱ्या नको. सोयाबीनची सोंगणी त्याच आठवड्यात येणार होती, हडंबा (मळणीयंत्र) कोणत्या दिवशी लावायचा ते नवऱ्यानं बाकीच्या शेतकऱ्यांशी बोलून आठ दिवस पुढं ढकललं. कळांची वाट बघत बसलेलं घर हे करूच शकत नाही, त्यांना माहीतच नसते कोणता दिवस.

आणि छकुली. पावणेतीन वर्षांची, आईच्या पदराशिवाय झोपायची नाही. तीन आठवडे आधीपासून तिला आजीजवळ झोपवायची सवय केली. पहिल्या रात्री घर डोक्यावर घेतलं, पाचव्या रात्री आजीच्याच कुशीत. आईच्या पोटावर बाऊ होणार आहे, तिथं चढायचं नाही, शेजारी बसायचं, हे तिला बाहुलीच्या पोटाला चिंधी बांधून शिकवलं. ही युक्ती तिच्या बापाची, त्याचं मला कौतुक वाटलं, एरवी त्या माणसाला मी फक्त मोबाइल बघताना पाहिलेलं.

सोमवारी भरती. भुलेच्या डॉक्टरांनी येऊन पाठ बघितली, काही ॲलर्जी आहे का विचारलं. तिनं कागदावर लिहून नेलेले प्रश्न विचारले. एक, पाठीत इंजेक्शन घेतल्यानं जन्मभर कंबर दुखते का? ते म्हणाले टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते, क्वचित कोणाचं डोकं दुखते, पण जन्मभराचं कंबरदुखणं त्या सुईनं येत नाही, ते वाकून भारे उचलण्यानं येते. दोन, मधातच भूल उतरली तर? कापायच्या आधी गार-गरम, टोचून बघतो, तुम्हाला कळलं नाही तरच सुरू करतो. तीन, बाळ मला लगेच दाखवाल का? दाखवू. रात्रीपासून जेवण बंद.

मंगळवारी सकाळी साडेनऊला तिला आत नेलं. ओटीत मी नव्हते, पुढचं तिनं सांगितलेलं. बसवून पाठ वाकवायला सांगितलं, एका सिस्टरनं समोरून खांदे धरले, सुई मुंगी चावल्यासारखी, मग पाय गरम गरम झाले आणि जड, आपले नसल्यासारखे. छातीसमोर हिरवा पडदा. थोडी मळमळ आली, दात वाजायला लागले, पण हे होईल असं आधीच सांगितलेलं होतं म्हणून घाबरली नाही, तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "सर ते थंडीवालं सुरू झालं." कापलेलं कळलं नाही. मग ओढाताण कळली. तिचं वाक्य असं होतं, "दुखलं नाही ताई, पण कोणी कोठीत कोपरापर्यंत हात घालून ज्वारी उपसून राह्यलं असं वाटे." आणि मग रडणं. आत नेल्यापासून अर्धा तास पण झाला नव्हता. जास्त वेळ नंतर टाके घालायला लागतो.

मुलगी. दोन किलो नऊशे. पुसून, तिच्या गालाला लावलं आणि मग छातीवर ठेवलं, पडद्याच्या अलीकडं. ती मला म्हणाली, छकुलीचं तोंड मी दुसऱ्या दिवशी पाहिलं, हिचं मी ओली असताना पाहिलं. हे सांगताना रडली, आणि हे लिहा म्हणाली.

त्याच वेळी तांबी पण बसवून घेतली, सिझर करतानाच बसवता येते, दहा वर्षं चालते. त्याची सही तिनं आधीच केली होती. कायमच्या ऑपरेशनचं घरात एकमत नव्हतं, त्यात मी पडले नाही. ती एवढंच म्हणाली, "चार-पाच वर्षं मले कोणी काही पुसू नये."

पुढचे दिवस गोड गोड लिहिणार नाही. भूल उतरल्यावर दुखलंच, पण वेदनेचं औषध घड्याळ लावून देत होते, दुखायची वाट न बघता. संध्याकाळी पाणी, चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि सिस्टर म्हणाली उठा. तो उठायचा क्षण वाईट, तिला घाम फुटला, शिव्या पण दिल्या असं तिची आई सांगते. कसं उठायचं ते मात्र शिकवलेलं होतं, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या जोरावर, पोटावर जोर नाही. खोकला आला की पोटाशी घडी केलेली चादर दाबून धरायची. दुपारी वॉर्डच्या दारापर्यंत, संध्याकाळी नळापर्यंत. वायू कधी सुटतो यावर सगळ्या वॉर्डचं लक्ष होतं, सुटला तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या.

दूध तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भरून आलं. कळा न येता ठरवून सिझर झालं की दूध एखाद दिवस उशिरा येऊ शकते. मधल्या वेळात तिच्या आईनं गुळाचं पाणी काढलंच होतं पिशवीतून, मी व्हिडिओ कॉलवर ओरडले. चीक थोडासाच दिसतो पण तेवढाच लागतो. कुशीवर झोपून पाजायचं, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागं घेऊन, म्हणजे टाक्यावर पाय पडत नाही.

दवाखान्यात गर्दी होती, पंखा एकच चालायचा, तिची आई जमिनीवर झोपायची. पण जेवण दवाखान्याचंच, सिझरच्या बाईला सात दिवस मोफत मिळते, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत, हे २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. पाचवीची रात्र वॉर्डातच आली. सटवाई नशीब लिहायला येते तर घरी बाळच नाही, मग कसं? सासूनं गावाहून कोरा कागद आणि पेन पाठवला, तो उशीखाली ठेवला. रात्रपाळीच्या सिस्टरला वाटलं कुणी औषधाची चिठ्ठी ठेवली, ती उचलून टेबलावर घेऊन गेली, सकाळी मोठा गोंधळ. कागद सापडला, कोराच होता.

सहाव्या दिवशी सुट्टी, १०२ नं घरापर्यंत सोडलं.

घरी आल्यावर माझं काम सुरू. बाळ बघायला घरोघरी जायची ही पद्धत आपल्या विदर्भातलीच, गडचिरोलीत सर्च संस्थेत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, आता सगळ्या देशात आशा तेच करतात. सिझरच्या बाईकडं सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत पाच भेटी. सातव्या दिवशी बाळ २७६०, जन्मापेक्षा कमी, सासू घाबरली, मी सांगितलं पहिले दिवस उतरतेच. चौदाव्या दिवशी २९८०.

सासूशी माझी खरी लढाई जेवणावर आणि शेगडीवर झाली. भात दिला की टाके पिकतात, वरणानं पाणी होते, पाणी कमी प्यायचं. मी म्हटलं मागच्या वेळेस भात बंदच होता ना, तरी पिकले ना? त्यावर ती गप्प झाली. मग तडजोड. भाकर, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू तिच्या मनासारखे, वरण-भात आणि पाणी माझ्या मनासारखं. शेक पाठीला आणि पायाला, खाटेखाली शेगडी नाही, टाक्याला घाम नको. पोट बांधायचं तर सैल. आंघोळीनंतर टाका कोरडा पुसायचा, त्यावर हळद, राख, काही नाही. नवऱ्याला वेगळं बसवून सांगितलं, ताप, टाक्यातून वास किंवा पू, तासाभरात कपडा भिजेल एवढं रक्त, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काही दिसलं की रात्र असो दिवस असो मला फोन. दहाव्या दिवशी टाक्याच्या एका टोकाला लालसर दिसलं, त्याच सकाळी तो तिला मोटरसायकलवर न नेता ऑटोनं पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) घेऊन गेला, साफ करून गोळ्या दिल्या, चार दिवसांत बसलं. मागच्या वेळेस हेच आठ दिवस लपवलं होतं.

सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. म्हणजे पाण्याचे हंडे नवऱ्याकडं आले. पहिल्या दिवशी विहिरीवर बाया हसल्या, चौथ्या दिवशी नाही हसल्या, एक तर आपल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली की "पाहा."

बाळाचे पाय मात्र पंधरा दिवस गमतीचे होते. पोटात जसं बसलं होतं तसंच बाहेर, दोन्ही पाय वर, कानापाशी. आजी ते खाली ओढून, सरळ करून, दुपट्यात घट्ट बांधायची. मॅडमनी हेच करू नका म्हणून बजावलं होतं, उलट्या बाळाच्या खुब्याचा सांधा सैल असू शकतो, पाय सरळ आवळून बांधले तर तो निसटायची भीती. कंबरेखाली सैल ठेवायचं, पाय बेडकासारखे पडू द्यायचे. सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी केली, सांधे चांगले निघाले.

चौदाव्या दिवशीच्या भेटीला मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून छकुलीची वेणी घालत होती. सरळ बसलेली. मी काही बोलले नाही, वजनकाटा काढला. सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा ती बाळाला घेऊन बांधावर येऊन बसली फक्त, वेचायला गेली नाही, तीन महिने जाणार पण नव्हती, हेही त्या कॅलेंडरच्या पानावर लिहिलेलं होतं.

खर्च मी तिला विचारून मांडला. ऑटो, तिच्या आईचं जेवण, बाहेरचा चहा, दुपटी, सगळं धरून चार हजारांच्या आत. दुसरी मुलगी म्हणून मातृवंदना योजनेचे ६ हजार मिळतात, तो फॉर्म भरला, पासबुकाला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून अजून अडकलं आहे.

पायाळूचं राहिलं. सासूनं मॅडमला फोनवर विचारायला लावलं होतं की पोटातून काढताना आधी काय आलं. मॅडम म्हणाल्या आधी ढुंगण, मग पाय, मग डोकं. आता याला पायाळू म्हणायचं का नाही, यावर पारावर दोन दिवस चर्चा झाली. एक जण म्हणे रस्त्यानं आलं तरच पायाळू, सिझरचं धरत नाही. दुसरा म्हणे पाय आधी आले ना, मग झालं. सासूनं तिकडं लक्ष दिलं नाही, पण परतीच्या पावसात आभाळ गरजलं की बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायची.

डिसेंबरात, बाळ तीन महिन्यांचं झालेलं, मी लसीचं सांगायला गेले तर ओट्यावर खालच्या आळीतला एक बुढा ओणवा उभा. कापसाचं गाठोडं उचलताना पाठीत उसण भरलेली, तीन दिवसांपासून सरळ होता येत नव्हतं. "सिझरचं पायाळू चालते का व?" असं तो छकुलीच्या आईला विचारत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी म्हटलं मला काय विचारतेस, हे माझ्या रजिस्टरात नाही. मग तिनं बाळाला दोन्ही काखांत धरून उचललं, कंबरेतून सहज वाकली आणि त्याच्या पाठीला बाळाचे पाय लावले. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेस पोरीनं बुढ्याच्या सदऱ्यावरच मुतलं.

"गरम लागते," बुढा म्हणाला. "थांब, हटू नको. अजून एकदा लाव."